धड करवत मिळेल तर शपथ

बुधवार, ४ मार्च

ही वही मार्लिसने नाताळात दिली. "तुझी कुरकुर हिच्यात लिहीत जा, म्हणजे मला निम्मीच ऐकावी लागेल," असं वर म्हणाली. दोन महिने वही कोरीच राहिली, कारण कुरकुर करण्यासारखं काही घडलंच नाही. जानेवारीत कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला नेताना बर्फावरून घसरलो, तेवढंच. उजवा खांदा जरा दुखावला. ती काही लिहून ठेवायची गोष्ट नव्हे.

आता मात्र विषय मिळालाय. परवाच्या ओल्या बर्फाच्या भाराने मागच्या ओकची एक मोठी फांदी बुंध्यापाशी तडकली. तुटून पडली असती तर बरं झालं असतं. ती अर्धवट लोंबकळते आहे, आणि नेमकी आमच्या झोपायच्या खोलीच्या छपरावर, मार्लिसच्या बाजूला. फांदी हिरवी आहे, म्हणजे काप ताजा होणार, म्हणजे एप्रिल लागायच्या आत ती उतरवलीच पाहिजे. एप्रिलपासून ओकला करवत लावायची नाही हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. ऊब आली की भुंगेरे उडायला लागतात, ताज्या कापाच्या वासाने येऊन बसतात आणि झाडाला मर देऊन जातात, उभं झाड वाळतं. एकाला झाली की जमिनीखालून आळीभरच्या ओकना होते. मार्च हुकला की थेट नोव्हेंबर.

घाई काही नाही. मार्च अख्खा पडलाय. जन्मभर वीज कंपनीच्या खांबांवर चढून तारांवरच्या फांद्या कापत आलो, अख्ख्या गावाच्या फांद्या मीच उतरवल्या, माझ्याच घरावरची एक फांदी ती काय. एक सकाळ पुरे.

शनिवार, ७ मार्च

सकाळ गेली. फांदी जागेवर आहे.

गॅरेजच्या भिंतीवरून माझी जुनी लांब दांड्याची करवत काढली. तीन तुकडे एकात एक बसवायचे की झाली उंच. पहिला तुकडा ठीक. दुसरा बसवला आणि वर न्यायला गेलो तर दांडा एकाएकी डावीकडे कलला आणि पक्ष्यांच्या दाण्याची पेटी घेऊन खाली आला. जोडाचं कडं ढिलं झालंय. इतकी वर्षं भिंतीवर टांगून ठेवल्यावर दुसरं काय होणार.

मार्लिसने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "लागलं का?"

"चिमण्यांना विचार," मी म्हटलं.

आणखी एक वैताग. कॉफीचे कप वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आलेत. तीस वर्षं कप वर होते. मार्लिस म्हणते, आताशा तिचा हात वर पोचत नाही. ती माझ्याएवढीच उंच आहे. म्हातारपणी माणसं आखडतात हे खरं.

सोमवार, ९ मार्च

बेव्हच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिच्या वडिलांच्या काळापासून तिथे जातोय, म्हणून बेव्ह मला काहीही बोलते. तिने बॅटरीवरची दांड्याची करवत दाखवली, टोकाला छोटी साखळी असलेली. म्हणाली, हलकी आहे, सगळे हीच नेतात.

सगळे नेतात म्हणून मी नेतो असं कधी झालं नाही. उचलून पाहिली. खाली बॅटरी, वर मोटार, मध्ये नुसती फायबरची दांडी. जमिनीवर आडवी असेपर्यंत खरंच हलकी. उभी करायला गेलो तर टाळकं असं जड की ती सरळ बर्फाच्या फावड्यांच्या रांगेवर जाऊन पडली. फावडी एकामागून एक खाली. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली आणि मग आपल्या स्वभावाप्रमाणे कुणीच काही बघितलं नाही.

"व्हर्लिन, करवत आहे ती, झेंडा नाही," बेव्ह म्हणाली. "दोन्ही हातांनी धर."

"दोन्ही हातांनीच धरलीय."

"मला तर डावाच दिसतोय."

मी म्हटलं, तुझी करवत डोक्याने जड आहे. ती म्हणाली, हिच्याहून हलकी कंपनी बनवत नाही. मी म्हटलं, मग कंपनीने बनवायला शिकावं. घरी आलो. वाटेत मार्लिसने गाडी चालवली, हल्ली तिला चालवायची हौस आलीय. "सराव मोडतो," म्हणते. चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईचा सराव कसला मोडतो ते देव जाणे.

बुधवार, ११ मार्च

संध्याकाळी आमच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतलं सूप. वाटाण्याचं होतं, पाणचट. शेजारचा लरॉय माझ्यासमोर बसला. लरॉय दुधाचा टँकर चालवायचा, आता दिवसभर आमच्या अंगणाकडे बघत बसतो. त्याला फांदीबद्दल सगळं माहीत होतं.

"मी येऊ का मदतीला?" म्हणाला.

"छे रे. तुला कशाला त्रास."

"त्रास कसला? उद्या मोकळाच आहे मी."

"नको, होईल माझं."

यावर त्याने काय करावं? ब्रेडला लोणी लावायला घेतलं. तिसऱ्यांदा विचारायला नको? पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट आणि दुसऱ्याला म्हणणारा उतावळा, हे त्याच्या आईने त्याला शिकवलं नसेल असं होणार नाही, त्याची आई आणि माझी आई एकाच बाकावर बसायच्या. तिसऱ्यांदा जरा आग्रह केला असता तर मी म्हटलं असतं, बरं बाबा, तुझी एवढीच इच्छा असेल तर ये. मी सूप संपेपर्यंत थांबलो. मग तो हवामानावर बोलायला लागला. अशी माणसं शेजारी.

शनिवार, १४ मार्च

लरॉय सकाळी पेट्रोलवरची दांड्याची करवत घेऊन दारात. "बघ, हिचा उपयोग होतो का," म्हणाला. चांगली मजबूत आहे, त्याच्या सासऱ्याची. सुरू करायला दोरी ओढायची असते. ओढली. नाही झाली सुरू. पुन्हा ओढली. लरॉय म्हणाला, "जरा जोरात ओढ." मी म्हटलं, मी जोरातच ओढतोय, तुझ्या सासऱ्याने पेट्रोलमध्ये पाणी घातलं असेल. त्याने माझ्या हातातून घेतली आणि एका झटक्यात सुरू केली. म्हणजे मी आधी दोनदा ओढून ती मोकळी करून दिली होती.

मग मी ती हातात घेतली. अंगभर थरथरते नुसती. दात वाजायला लागले. खांद्यापर्यंत मुंग्या. असलं यंत्र माणसाने वापरायचं की रस्ता फोडायला? बंद करून परत दिली.

"मी चालवून बघू का?" लरॉय म्हणाला. "आलोच आहे तर."

"नको रे, तुझे गुडघे."

"गुडघ्यांचं काय, उभंच तर राहायचंय."

"नको, नको. माझी बघतो काहीतरी सोय."

त्याने मान डोलावली आणि करवत खांद्यावर टाकून निघाला. पुन्हा दोनदाच. मी फाटकापर्यंत त्याच्याबरोबर हळूहळू चालत गेलो, म्हटलं सुचेल त्याला. त्याला काय सुचलं, तर आमची टपालपेटी जरा वाकडी झालीय हे.

मंगळवार, १७ मार्च

मार्लिसने माझ्या नकळत एक वस्तू मागवली. पार्सल आलं. उघडून बघतो तर दात असलेली साखळी आणि तिच्या दोन टोकांना दोन लांब दोऱ्या. वाळूची पिशवी बांधून दोरी फांदीवरून पलीकडे फेकायची, मग दोन माणसांनी खालून आळीपाळीने ओढायचं, साखळी फांदी कापत जाते. ताक घुसळायला बसल्यासारखं.

"दोघांनी मिळून करता येईल," मार्लिस म्हणाली. "हात वर धरायलाच नको."

"हात वर धरायला मला काय झालंय?" मी विचारलं.

"मी कुठे काय म्हटलं?"

तिचं मन मोडायला नको म्हणून फेकून पाहिली. वाळूची पिशवी माझ्या पुढ्यातच, ट्युलिपच्या वाफ्यात पडली. दुसऱ्यांदा फेकली तर मागे गेली. वारा होता. मार्लिस म्हणाली वारा नाहीये. मी म्हटलं, वर आहे, इथून कळत नाही. तेवढ्यात मार्लिसने ती पिशवी उचलली, खालून वर अशी भिरकावली आणि ती फांदीवरून अलगद पलीकडे गेली. शाळेत असताना ती सॉफ्टबॉल खेळायची. मी म्हटलं, तडकलेली फांदी अशी ओढून कापली तर कुठे कोसळेल याचा नेम नाही, छपरात भोक पाडेल. हे अगदी खरं आहे, कुठलाही लाइनमन हेच सांगेल. दोरी काढून टाकली.

जेवणात हॉटडिश, मांस-बटाट्याची, भट्टीतून काढलेली. मार्लिसने ताटलीच माझ्या डाव्या हाताशी ठेवली. कुठली वस्तू कुठे ठेवावी हेही या घरात आता कुणाला कळत नाही.

शुक्रवार, २० मार्च

मोठ्या गावातल्या मोठ्या दुकानात जाऊन आलो. तिथे एक मुलगा मागे लागला आणि ॲल्युमिनियमच्या दांड्याची करवत गळ्यात मारायला बघत होता. एकात एक सरकणारा दांडा, वर बाकदार पातं, मोटार नाही, बॅटरी नाही. पिसासारखी हलकी, हे कबूल करतो. मी ती पूर्ण वरपर्यंत लांब केली.

आणि मग आठवलं की आमच्या घरात येणारी विजेची तार त्या फांदीपासून वावभर अंतरावरून जाते. ॲल्युमिनियमचा दांडा घेऊन मी तारेजवळ उभा राहू? कंपनीत मी पोरांना याच गोष्टीवरून झापायचो. त्या मुलाला दुकानाच्या मधोमध सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे काका, पण ती हलकी आहे." त्याला म्हटलं, माणसाची राखही हलकीच असते.

गाडीत मार्लिस म्हणाली, "तू ती वर उचलून पाहिलीस का?"

"तारेचं सांगितलं ना."

"दुकानात तार नव्हती, व्हर्लिन."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. शेतांमधला बर्फ गेलाय, नुसता चिखल आहे. नाल्याकाठचे विलो पिवळ्या पालवीने भरायला लागलेत. आमच्याकडे वसंत नेहमी उशिरा येतो, यंदाच काय घाई झालीय.

रात्री पुन्हा हॉलमधल्या मागे रेलायच्या खुर्चीत झोपलो. जानेवारीपासून मला पलंगापेक्षा तीच बरी वाटते. कूस बदलायला लागत नाही.

बुधवार, २५ मार्च

सूप. या वेळी टोमॅटोचं. बेव्ह येऊन शेजारी बसली.

"झाडं कापणारी माणसं बोलाव ना," म्हणाली. "माझ्या बहिणीकडे आली होती. अर्ध्या तासात मोकळी."

मी तिला म्हटलं, बेव्ह, माझ्या घरासमोर झाडवाल्यांची गाडी उभी राहिलेली या गावाने बघायची? एकोणनव्वदच्या बर्फाच्या वादळात सगळं गाव अंधारात होतं तेव्हा मी सलग तीन दिवस खांबावर होतो. तुझ्या बापाच्या दुकानावरची तार मीच जोडली.

"माहितेय," बेव्ह म्हणाली. "बाबा मरेपर्यंत सांगायचे." मग ब्रेडची टोपली माझ्याकडे सरकवली. "तू आता म्हातारा झालास असं कुणी म्हणत नाहीये."

"मग काय म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत. आपल्याकडे कोण काय म्हणतं?"

याचा अर्थ काय घ्यायचा? मला साधी बाजारात मिळणारी, तोल बरोबर असलेली, माणसाने माणसासाठी बनवलेली एक करवत हवी आहे. माणूस चंद्रावर जाऊन आला. धड करवत मिळेल तर शपथ.

शनिवार, २८ मार्च

सुटलो.

बेव्हच्या दुकानात लरॉय भेटला. बाहेर पाटीवरचा पारा चांगला वर गेलेला. लरॉय काउंटरला टेकून म्हणाला, "आता काय, व्हर्लिन, बुधवारी एप्रिल. आता ओकला हात लावायची सोयच राहिली नाही. नोव्हेंबरपर्यंत थांबावंच लागणार."

बेव्हने लगेच री ओढली. "थांबावंच लागेल. मर लागली तर आळीतली सगळी झाडं जातील. कुणीही थांबेल."

मी म्हटलं, हो ना, नियम म्हणजे नियम. मला वाटलं होतं की कुणीतरी म्हणेल, अजून तीन-चार दिवस आहेत की. कुणी म्हटलं नाही. लरॉय तर माझ्याकडे बघतही नव्हता, खिळ्यांच्या बरण्या बघत होता.

खरं सांगायचं तर छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. नोव्हेंबरपर्यंत बाजारात नवीन करवती येतील. फांदी इतके दिवस लोंबकळली, आणखी काही महिने लोंबकळेल. घरी येऊन मार्लिसला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "बरं." हात न थांबवता म्हणाली.

उन्हाळ्यात वादळं असतात, ते मला आत्ता लिहिताना सुचतंय.

सोमवार, ३० मार्च

काल रात्री वारा सुटला. पहाटे तो पडल्यावर मी खुर्चीतून उठलो आणि मार्लिसला बघायला झोपायच्या खोलीत गेलो. पलंगावर कुणी नव्हतं. चादर ताणून नीट घातलेली, त्यावर रजई, त्यावर उशा. कुणी झोपून उठलेला पलंग नव्हता तो. कुणी झोपलंच नव्हतं.

ती शिवणाच्या खोलीत सापडली. यंत्र आणि कापडांच्या चवडी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत घडीची खाट घालून. डोक्याशी टेबलावर तिचा दिवा होता, चष्मा होता, गोळ्यांची डबी होती, खाटेखाली सपाता. वाऱ्याच्या एका रात्रीत माणूस एवढा संसार हलवत नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती उठून बसली. "रजईचं काम होतं. रात्री उशीर होतो, म्हणून."

"मार्लिस."

"बर्फ पडला त्या दिवसापासून," ती म्हणाली.

"मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? तू करवत निवडत होतास ना."

टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने तो मारला नाही. झोपेतून उठलेल्या माणसाच्या साध्या आवाजात म्हणाली, आणि सपाता पायात सरकवून कॉफी ठेवायला गेली.

मला आधी संताप आला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावरून उठून या बाईने अडगळीत महिना काढला, आणि एका शब्दाने बोलली नाही. तिच्यावर संतापलो, मग बेव्हवर, मग लरॉयवर, मग बॅटरीवाल्या कंपनीवर. सगळे संपल्यावर उरलो मी. शिवणाच्या खोलीच्या दारात उभा राहून मी उजवा हात वर करून पाहिला. कोणी बघत नव्हतं. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. पुढे मी तो डाव्या हाताने ढकलला तेव्हा तोंडातून आवाज निघाला. हे मी जानेवारीपासून रोज करून बघतोय आणि रोज म्हणतोय, कालच्यापेक्षा बरा आहे. कालच्यापेक्षा बरा कधीच नव्हता. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

कॉफी न घेताच लरॉयकडे गेलो. तो सपाता घालून दारात आला.

"ये, कॉफी घे."

"घेतो," मी म्हटलं. लरॉय जरा गोंधळला, कारण त्याने अजून एकदाच विचारलं होतं. मी आत जाऊन बसलो. "लरॉय, माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पडल्यापासून जात नाही. माझ्याच्याने ती फांदी निघणार नाही. ती तू उतरव. उद्या. परवा एप्रिल आहे."

लरॉयने कपात कॉफी ओतली, साखर घातली आणि बराच वेळ ढवळली. तो साखर घेत नाही.

"हं," म्हणाला. "सकाळी सात चालेल?"

"चालेल."

"बेव्ह म्हणत होती, तू मेलास तरी सांगायचा नाहीस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे..."

"सगळ्या गावाला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला कसं असेल?" लरॉय म्हणाला. "कॅथलिकांना नाही सांगितलं."

मंगळवार, ३१ मार्च

काल दुपारीच बेव्हकडे जाऊन करवत घेतली. लरॉयचे गुडघे वाईट, पण हात बैलासारखे आहेत. त्याला थरथरणारं काही नको आणि तारेजवळ धातू नको. बॅटरीवाली. दोन मिनिटं लागली. बेव्हने पिशवीत साखळीच्या तेलाची एक बाटली वरून टाकली.

सकाळी थंडी होती, जमीन कडक, भुंगेऱ्यांचं नाव नाही. आधी मार्लिसने वाळूची पिशवी वरच्या भक्कम फांदीच्या बेचक्यातून पलीकडे फेकली, एका फटक्यात. लरॉयने करवतीच्या दांड्याने दोरीचा सरकता फास तडकलेल्या फांदीवर चढवला आणि दुसरं टोक मार्लिसने अंगणातल्या खांबाला वेढा देऊन धरलं, म्हणजे तुकडा सुटला तरी छपरावर न जाता अंगणात झोका घेईल. लरॉयला मी फांदीच्या खाली उभं राहू दिलं नाही, बाजूला उभं केलं. शेंड्याकडून आत यायचं, दर वेळी आधी खालून थोडा काप द्यायचा, मग वरून, म्हणजे साल फाटत नाही.

पहिल्या तुकड्याला त्याने खालचा काप विसरून सरळ वर पातं लावलं.

"खालून," मी ओरडलो.

"एवढ्याशा फांदीला?"

"एवढ्याशा फांदीलाच. खालून."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता तो करवत टाकून घरी जातोय. मग खालून काप दिला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला तो थांबायचा, मान वळवायचा आणि मी हो म्हटल्याशिवाय कळ दाबायचा नाही. मी दोन्ही हात खिशात घालून उभा होतो. उजवा हात खिशात ठेवला की दुखत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसता उभा राहून दुसऱ्याला कापताना बघत होतो आणि मला त्याचा वैताग येत होता. सारखं वाटत होतं, तो दांडा हिसकून घ्यावा. नाही घेतला.

शेवटचा, सगळ्यात जाड तुकडा सुटला तेव्हा मार्लिसच्या हातात दोरी कर्रकर्र सरकली आणि तो अंगणात ट्युलिपच्या वाफ्याशेजारी हळूच टेकला. तडकलेल्या जागी आतलं लाकूड जुन्या कुजीने पार काळं पडलेलं, बोटाने कुस्करावं असं. नोव्हेंबर सोडा, मे महिन्याचं पहिलं वादळ त्याने काढलं नसतं. लरॉयने ते बघितलं, मार्लिसनेही बघितलं.  मी बुंध्यावरच्या कापाला रंग लावायला लरॉयला लांब काठीला बांधलेला ब्रश दिला.

मार्लिसने दोरीची घडी घातली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "परवा दवाखान्यात जायचंय," म्हणाली. "गुरुवारी दहा वाजता. मी वेळ घेऊन ठेवलीय."

"कधी घेतलीस?"

"जानेवारीत. दर महिन्याला पुढे ढकलत होते."

गुरुवार, २ एप्रिल

डॉक्टर तरुण बाई निघाल्या. माझा हात इकडे तिकडे फिरवून पाहिला, खांद्याचा फोटो काढून आणला आणि उजेडासमोर धरला. खांद्यातला स्नायू पार फाटलाय. शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि उशीर झालाय म्हणून तो पूर्ण जोडला जाईलच असं नाही. जानेवारीत आला असतात तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. मार्लिस शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती खाली बघत राहिली.

डॉक्टरांनी विचारलं, "मधल्या काळात हातावर जोर पडेल असं काही केलंत का?"

नेहमीसारखं "विशेष काही नाही" जिभेवर आलं होतं. मग सगळं सांगितलं. कप वरच्या फळीवरून काढता येत नाहीत हे, शर्ट घालायला मार्लिसला मागे उभं राहावं लागतं हे, खुर्चीत का झोपतो ते, आणि करवतींचंही सगळं. कुठली कुठे उचलली, कुठली कशी पडली, फावड्यांसकट. मार्लिसने एकदा मधे तोंडावर हात ठेवला. हसत होती की काय ते मला दिसलं नाही.

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, त्यांच्याही अंगणात एक मोठा मेपल आहे, फांद्या गॅरेजवर आल्यात आणि नवऱ्याला कुठली करवत घ्यावी ते ठरवता येत नाहीये. "तुम्ही इतक्या बघितल्यात. त्यांतली कुठली चांगली?"



"सगळ्या चांगल्या आहेत," मी म्हटलं. "एकीतही काही दोष नव्हता."